अकरावीतली दोन मुलं, दोन वेगळ्या आवडी: कॉलेजं प्रत्यक्ष बघायला जाताना काय काय बघावं?

रानजाई:

नमस्कार मंडळी. घरात दोघं अकरावीत आहेत, मुलगा आणि भाची. मुलाला भौतिकशास्त्रही आवडतं आणि यंत्रं खोलून बघायलाही, त्यामुळे इंजिनियरिंग की शुद्ध विज्ञान हे ठरत नाही. भाचीचा हात चित्रकलेत चांगला आहे, गणितही पक्कं आहे. तिच्यापुढे आर्किटेक्चर, डिझाईन आणि फाइन आर्ट असे तीन फाटे आहेत. दोघांनीही गणितासह सायन्स घेतलंय.

बारावी सुरू झाली की श्वास घ्यायला वेळ मिळणार नाही, म्हणून काही कॉलेजं आत्ताच दोघांना घेऊन बघायची आहेत. सांगली, नांदेड, नागपूरपर्यंत जायची तयारी आहे. कधी जावं, आत गेल्यावर नेमकं काय बघावं, कुणाला काय विचारावं, आणि बघितलेलं पुढे फॉर्म भरताना कसं उपयोगी पडतं, हे जाणकारांनी सांगावं. अनुभवकथनापेक्षा नेमकी माहिती मिळाली तर जास्त बरं.

काटकोन:

रानजाई ताई, गाडी काढण्याआधी एक संध्याकाळ दोघांना घेऊन कागद-पेन्सिल करा. कॉलेजात शिरायचा रस्ता कोणत्या परीक्षेतून जातो आणि तिचा फॉर्म कधी भरायचा असतो, हे आधी लिहून काढा. नाहीतर कॉलेज आवडतं आणि परीक्षेची तारीख उलटून गेलेली असते.

भाचीचं आधी सांगतो, कारण तिचे तीन फाटे तीन वेगळ्या वेळापत्रकांवर चालतात. बी.आर्क.ला बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित लागतंच. प्रवेश नाटा (आर्किटेक्चरची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा) किंवा जेईई मेनच्या आर्किटेक्चरच्या पेपरवर. नाटा २०० गुणांची असते. त्यातले ८० गुण हाताने काढायच्या चित्रांना आणि रचनेला, १२० संगणकावरच्या प्रश्नांना. राज्याच्या गुणवत्ता यादीत बारावीचे गुणही धरतात, त्यामुळे 'नाटा आहे ना, बोर्डाचं बघू नंतर' हा हिशेब चुकतो.

डिझाईनला कोणतीही शाखा चालते. आयआयटी मुंबई घेते ती यूसीड ही डिझाईनची प्रवेश परीक्षा जानेवारीत होते आणि तिचा फॉर्म ऑक्टोबरच्या सुमारास निघतो. एनआयडीची (राष्ट्रीय डिझाईन संस्थेची) परीक्षा दोन टप्प्यांत होते, आधी प्रिलिम्स आणि त्यातून निवडलेल्यांची मेन्स. तिचेही फॉर्म बारावीच्या मधल्या काळातच भरावे लागतात. निम्मी मुलं इथेच हुकतात. सायन्सच्या क्लासमध्ये सगळे सीईटी आणि जेईईबद्दल बोलत असतात, मार्चमध्ये बोर्ड संपल्यावर डिझाईनची आठवण होते, आणि तोवर ते वर्ष गेलेलं असतं. यूसीड लागोपाठच्या वर्षांत फक्त दोनदा देता येते हेही ध्यानात ठेवा.

फाइन आर्टसाठी राज्याची एएसी सीईटी असते. वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र असे हाताने काढायचे पेपर त्यात असतात. एलिमेंटरी-इंटरमिजिएट झालेल्या मुलांचा या प्रकारांवर हात बसलेला असतो. तिने त्या दिल्या नसतील तर याच प्रकारांचा वेळ लावून सराव आत्तापासून सुरू करा.

खडूफळा:

काटकोन यांनी परीक्षांचं लिहिलं आहेच, मी प्रत्यक्ष भेटीबद्दल लिहितो.

केव्हा जायचं: जूनपासून प्रवेशाची धांदल सुरू होते. त्या दिवसांत कॉलेज दाखवण्यासाठी सजवलेलं असतं आणि विद्यार्थी सुट्टीवर असतात. दिवाळीच्या आसपास आणि एप्रिल-मेमध्ये परीक्षा किंवा सुट्ट्या. ऑगस्ट-सप्टेंबर किंवा जानेवारीअखेर ते मार्चचा पहिला पंधरवडा हा काळ चांगला. त्यातही वार्षिक स्नेहसंमेलनाचा आठवडा टाळा. मंगळवार ते गुरुवार, सकाळी साडेदहा-अकराला पोचा म्हणजे एक प्रॅक्टिकल चालू असताना बघायला मिळतं. एका दिवसात दोनच कॉलेजं. तिसऱ्या ठिकाणी मुलं कंटाळतात आणि त्या कॉलेजवर विनाकारण फुली पडते.

काय बघायचं: इमारत, बाग, स्वागतकक्ष यांत वेळ घालवू नका. सरळ लॅब गाठा. प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये साधारण वीस मुलं असतात. तेवढ्यांना चालू अवस्थेतले सेट किती, ते मोजा. चार-चार, पाच-पाच जणांत एक सेट असेल तर एक जण हाताळतो, बाकीचे आकडे उतरवून घेतात. बहुतेक कॉलेजांत प्रत्येक उपकरणावर रंगाने एक नंबर टाकलेला असतो, डेड स्टॉक रजिस्टरचा. बऱ्याचदा त्याच्या शेजारी खरेदीचं सालही असतं. दहा-पंधरा उपकरणांवरची सालं वाचली की या विभागावर शेवटचा खर्च कधी झाला ते समजतं. जुनं लेथ मशीन असायला हरकत नाही, ते पन्नास वर्षं चालतं. पण खाली धातूचा ताजा कीस पडलेला दिसतोय का? तेलाचा वास येतोय का? ऑसिलोस्कोपवर कव्हर घालून त्यावर धूळ बसली असेल तर तो कोणी वापरत नाही, मग तो कितीही नवा असो.

नंतर कुणाचं तरी जर्नल मागा. मुलं आनंदाने दाखवतात. सगळ्या मुलांच्या जर्नलमध्ये रीडिंग अगदी एकसारखी असतील आणि सह्या एकाच तारखेच्या असतील, तर प्रयोग झालेले नाहीत, सबमिशनच्या आठवड्यात उतरवून काढलेले आहेत. वेगवेगळी रीडिंग, खोडाखोड, मास्तरांचे लाल शेरे दिसले तर तिथे शिकवणं चालू आहे असं समजा.

नोटीस बोर्डही नीट वाचावा. वेळापत्रकात शिक्षकांची आद्याक्षरं असतात. एकच नाव चार-पाच विषयांसमोर असेल तर माणसं कमी आहेत. पदवी इंजिनियरिंगसाठी एआयसीटीईचं (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचं) प्रमाण २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असं आहे. शिक्षकांची यादी कॉलेजच्या संकेतस्थळावर 'मँडेटरी डिस्क्लोजर' या नावाखाली असते. ती छापून न्या आणि तिथे ताडून बघा. तासिका तत्त्वावरचे किती, हे विद्यार्थ्यांना बरोब्बर माहीत असतं. असे तासांवर नेमलेले (सीएचबीवरचे) शिक्षक वाईट शिकवतात असं अजिबात नाही, पण सत्राच्या मध्यात ते बदलले की मुलांचे हाल होतात.

रानजाई:

जर्नलचं कधीच डोक्यात आलं नसतं, आभार. पण गेटवर अडवत नाहीत का? लॅबमध्ये असं सहज जाता येतं?

खडूफळा:

गेटवरून थेट लॅबमध्ये कोणी सोडणार नाही, आणि सोडूही नये. आठ-दहा दिवस आधी प्राचार्यांना आणि त्या विभागप्रमुखांना ईमेल करा. मुलाचं नाव, इयत्ता, आवड, किती जण येणार, कोणता विभाग बघायचा, आणि एखाद्या शिक्षकाशी पंधरा मिनिटं बोलता येईल का, एवढंच चार-पाच ओळींत. ईमेल शक्यतो मुलाने स्वतः लिहावा, पालकांचा नंबर खाली द्यावा. उत्तर नाही आलं तर कार्यालयात फोन करून विभागाच्या क्लार्कशी बोला. जाताना ईमेलची छापील प्रत आणि मुलाचं ओळखपत्र जवळ ठेवा. दाखवायला सरळ नकार आला तर तीही एक माहितीच आहे, फक्त परीक्षेचे दिवस नाहीत ना याची खात्री करा.

अजून एक. आत गेल्यावर पालकांनी अर्धा तास बाजूला व्हावं. आई-बाबा शेजारी उभे असले की सीनियर मुलं 'छान आहे' एवढंच म्हणतात. मुलांना कॅन्टीनमध्ये सोडा आणि तीन प्रश्न देऊन पाठवा: पहिल्या वर्षात सगळ्या विषयांत किती जण सुटतात आणि केटी कुठल्या विषयात लागते, लायब्ररी आणि लॅब कॉलेज सुटल्यावर किती वाजेपर्यंत उघडी असते, एखादी गोष्ट स्वतःहून करायची म्हटली तर साहित्य आणि जागा कोण देतं.

दुर्बीण:

मुलाच्या इंजिनियरिंग की विज्ञान या प्रश्नावर थोडं. सोळा-सतराव्या वर्षी दोन्ही आवडणं अगदी स्वाभाविक आहे, त्याच्यामागे 'एक काय ते ठरव' असा लकडा लावू नका. दोन्हींकडची कामं बघू द्या.

विज्ञानासाठी २८ फेब्रुवारीच्या सुमाराला पुण्यात मुक्काम ठोकणं सगळ्यात फायद्याचं. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने आयुका या खगोलशास्त्राच्या केंद्रासारख्या संस्था सर्वांसाठी दारं उघडतात. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीची रेडिओ दुर्बीणही त्या दिवसांत बघता येते आणि तिथे शाळा-कॉलेजांच्या प्रकल्पांचं प्रदर्शनही भरतं. नेमक्या तारखा त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर बघून घ्या. तुमच्या मुलासाठी जीएमआरटी मुद्दाम सुचवतेय. अँटेना फिरवणारी यंत्रणा, सिग्नल पकडणारी इलेक्ट्रॉनिक्स आणि त्यातून निघणारं खगोलशास्त्र एकाच आवारात आहे. इंजिनियर काय करतो आणि वैज्ञानिक काय करतो, हे तिथल्या माणसांनाच विचारता येतं.

प्रवेशाचं म्हणाल तर आयसर पुणे या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेसाठी आयएटी ही परीक्षा. साठ प्रश्न: जीवशास्त्र, रसायन, भौतिक, गणित प्रत्येकी १५. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा, वेळ तीन तास. अडचण अशी की बरीच मुलं अकरावीत जीवशास्त्र सोडून देतात आणि मग ६० पैकी १५ प्रश्न कोरे राहतात. प्रवेश मिळाल्यावरही सुरुवातीच्या सत्रांत चारही विषय असतात. मुलाने जीवशास्त्र घेतलेलं नसेल तर निदान दहावीच्या पायावर अकरावीचं पाठ्यपुस्तक वाचायला ठेवा. मुंबई विद्यापीठाच्या कलिना आवारातल्या सीईबीएस या मूलभूत विज्ञानांच्या केंद्रासाठी नेस्ट ही वेगळी परीक्षा असते. तिथे पाच वर्षांची सलग एम.एस्सी. आहे.

साधं बी.एस्सी. करायचं तर एक बदल समजून घ्या. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मेजर-मायनर (एक मुख्य विषय, एक दुय्यम) पद्धत आली आहे. राज्यातल्या स्वायत्त कॉलेजांत ती २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाली. माहितीपत्रकात मायनरची यादी लांबलचक असते, पण वेळापत्रकात भौतिकशास्त्र मेजर आणि संगणक मायनर एकाच वेळी आले तर ती जोडी घेताच येत नाही. म्हणून 'मायनर कोणते आहेत' असं विचारण्यापेक्षा 'गेल्या वर्षी भौतिक मेजरच्या मुलांनी प्रत्यक्षात कोणते मायनर घेतले' असं विचारा.

काटकोन:

आता भाचीच्या तीन फाट्यांसाठी प्रत्यक्ष काय बघायचं ते लिहितो. इथे लॅबचे निकष चालत नाहीत, स्टुडिओ बघावा लागतो.

आर्किटेक्चर: सत्राच्या शेवटी ज्युरी असते. बाहेरचा परीक्षक येतो, मुलं भिंतीवर शीट्स लावतात आणि मॉडेल ठेवून आपलं काम समजावतात. परवानगी मिळाली तर एक ज्युरी मागे उभं राहून बघावी, माहितीपत्रकं वाचण्यापेक्षा जास्त कळतं. परीक्षक 'हा जिना इथे का?' असं विचारतो आणि मूल कारण सांगतं, की नुसतंच 'सुंदर आहे', 'आवडलं नाही' एवढ्यावर उरकतात? पाच वर्षं हेच चालणार आहे. दर आठवड्याला काम दाखवायचं, चार लोकांसमोर ते फाडलं जायचं, पुन्हा नव्याने करायचं. चित्र चांगलं असूनही हे न मानवणारी मुलं असतात, आणि ते अकरावीत कळलेलं बरं. कॉलेजला कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची मान्यता आहे का आणि किती जागांना, हे कौन्सिलच्या संकेतस्थळावर दिसतं. ती नसेल तर पदवी मिळून आर्किटेक्ट म्हणून नोंदणी होत नाही.

खर्चाचा एक भाग फीच्या तक्त्यात नसतो: शीट्स, प्रिंट, मॉडेलचं साहित्य, लॅपटॉप, अभ्यासदौरे. सीनियर मुलांना 'एका सत्राला फी सोडून किती लागतात' असं विचारा आणि तो आकडा दहाने गुणा.

डिझाईन: वर्कशॉप बघा. लाकूड, धातू, माती, कापड, छपाई यांपैकी काय काय आहे, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना ते हाताळू देतात का. पहिल्या वर्षापासून सगळं पडद्यावरच चालत असेल तर त्या फीमध्ये तुम्हाला मुख्यतः सॉफ्टवेअरचं शिक्षण मिळतंय. पवईला आयआयटीच्या आयडीसी या डिझाईन विभागातल्या विद्यार्थ्यांच्या कामाचं प्रदर्शन असतं तेव्हा जावं, चांगलं काम म्हणजे काय याचा डोळ्यांना अंदाज येतो.

फाइन आर्ट: मुंबईचं सर ज. जी. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासूनचं. त्यांचं वार्षिक प्रदर्शन सर्वांना बघता येतं, तेव्हाच जा म्हणजे सगळे विभाग एकदम दिसतात. उपयोजित कला, रंगकला, शिल्प, सिरॅमिक्स, टेक्स्टाइल यांतला फरक भाचीला ऐकून कळणार नाही, बघून लगेच कळेल. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय कला महाविद्यालयं आहेत, फी खासगीच्या मानाने फारच कमी. तिथे छपाईचा प्रेस आणि भट्टी चालू आहे का ते बघा. भट्टीची शेवटची फायरिंग कधी झाली, एवढं विचारलं तरी पुरे.

गणित पक्कं आहे म्हणून तिला आर्किटेक्चरकडे ढकलू नका. तिथे गणित संरचनेच्या विषयापुरतं येतं. गणित खरंच आवडत असेल तर ते स्वतंत्रपणे विचारात घ्यावं.

सातबारा:

अवांतर, पण धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: राज्यातली चार कृषी विद्यापीठं राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीला आहेत. तिथे इमारतीपेक्षा प्रक्षेत्र बघा, पेरणी किंवा काढणीच्या दिवसांत. खासगी कृषी महाविद्यालयात प्रत्यक्ष जमीन किती आणि पाण्याची सोय काय, हे शिवारात उभं राहून विचारावं. पशुवैद्यकीयसाठी नागपूरचं माफसू विद्यापीठ, प्रवेश नीटमधून, आणि इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. जनावराला हात लावायची भीती आहे का, हे आधी एखाद्या दवाखान्यात दोन दिवस बसून बघा.

मेरिटनंबर:

रानजाई ताईंनी विचारलं होतं की बघितलेलं फॉर्म भरताना कसं वापरायचं. हा भाग सविस्तर लिहितो, कारण एवढी फिरफिर करून शेवटी पसंतीक्रम सायबर कॅफेत बसून तासाभरात भरला जातो आणि सगळं पाण्यात जातं.

आधी परीक्षा. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात २०० गुण. गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, म्हणजे निम्मे गुण एकट्या गणिताला. भौतिक आणि रसायन प्रत्येकी ५०. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. साधारण २० टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमाला आहे, त्यामुळे अकरावी वाऱ्यावर सोडू नये.

मग मागच्या वर्षांच्या कटऑफच्या याद्या. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर प्रत्येक फेरीची पीडीएफ असते. तक्त्यात प्रत्येक चौकटीत दोन आकडे असतात. वरचा गुणवत्ता क्रमांक, खाली कंसात पर्सेंटाइल. रकान्याचं नाव नीट वाचायला शिका. 'जीओपनएच'मध्ये 'जी' म्हणजे सर्वसाधारण, मधला भाग प्रवर्ग, शेवटचा 'एच' म्हणजे स्वतःच्या विद्यापीठ क्षेत्रातला उमेदवार. शेवटी 'ओ' असेल तर बाहेरच्या विद्यापीठ क्षेत्रातला, 'एस' असेल तर राज्यस्तरीय जागा. सुरुवातीला 'एल' असेल तर ती मुलींसाठी राखीव. पुण्याच्या मुलाने सांगलीच्या कॉलेजचा 'एच' रकाना बघून आनंद मानला तर नंतर पश्चात्ताप होतो, त्याला 'ओ' बघायचा असतो. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय अशा ठिकाणी मुख्यतः 'एस' दिसेल.

तीन वर्षांच्या याद्या शेजारी ठेवा आणि पहिली व शेवटची फेरी दोन्ही बघा. एक सावधगिरी. २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगल्या स्थितीतल्या संस्थांसाठी जागांची कमाल मर्यादा काढली. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी संगणक शाखेच्या तुकड्या वाढल्या, आणि जुने कटऑफ त्या शाखेला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. भेटीत विचारा: या शाखेच्या जागा वाढल्या का? वाढल्या असतील तर वर्ग, लॅब आणि शिक्षक वाढले का? याचं उत्तर तोंडी घेऊ नका, वेळापत्रकात बघा.

आता पसंतीक्रम. आपल्याला मिळेल की नाही याचा विचार क्रम लावताना करायचा नाही. यंत्रणा गुणवत्तेनुसार एकेका मुलाची यादी वरून खाली तपासते आणि पहिली मिळण्याजोगी जागा देते. वर अवघड कॉलेज लिहिलं म्हणून खालचं हातचं जात नाही. त्यामुळे खरोखर सगळ्यात आवडलेलं एक नंबरला, मग दोन, मग तीन.

मात्र २०२५ च्या नियमांत चार फेऱ्या होत्या आणि त्यांत एक अट होती. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, दुसरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी मिळाली, तर ती जागा आपोआप पक्की. घेतली नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून वरच्या सहांत 'असू दे' म्हणून काहीही टाकू नका. ज्या कॉलेजात जाऊन आलात, जे मुलाला मनापासून चालेल, तेच वरच्या सहांत. तुमच्या दौऱ्याचा खरा उपयोग या सहा ओळींसाठी आहे. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, त्यामुळे त्या वर्षीची माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून वाचा.

हिरवीमिरची:

प्लेसमेंटचं कोणी बोललं नाही. पालकांना शेवटी तेच हवं असतं. मी म्हणेन शाखा बाजूला ठेवा, नाव मोठं असलेलं कॉलेज घ्या. कंपन्या तिथेच येतात.

मेरिटनंबर:

अर्धं मान्य. पहिल्या दहा-बारा कॉलेजांत हे चालतं, कारण तिथे बऱ्याच कंपन्या सगळ्या शाखांच्या मुलांना बसू देतात. त्याखाली नाही. तिथे शाखेचा विभाग कसा आहे यावर जास्त अवलंबून असतं. सांगलीच्या वालचंदला किंवा नांदेडच्या एसजीजीएसला एखादी शाखा मिळत असेल तर शहरातल्या नव्या खासगी कॉलेजच्या संगणक शाखेपेक्षा मी ती घेईन, पण मुलाला ती शाखा नकोशी असेल तर नाही. चार वर्षं मूल ओढत नेणं फार जड जातं. 'पहिल्या वर्षानंतर शाखा बदलून घेऊ' यावरही विसंबू नका. त्या जागा मोजक्याच असतात आणि वर्गातल्या सगळ्यात वरच्या मुलांना मिळतात.

प्लेसमेंटच्या आकड्यांत सर्वोच्च पॅकेज सोडून द्या, सरासरीही सोडा. दोन-तीन मोठ्या पगारांनी सरासरी वर चढते. शाखेनुसार मध्यक (पगार क्रमाने लावले तर बरोबर मधला) मागा. शिवाय किती 'ऑफर' हे न विचारता किती 'मुलं' हे विचारा, एका मुलाच्या तीन ऑफर तीनदा मोजल्या जातात. टक्केवारी नोंदणी केलेल्या मुलांवर काढलीय की शेवटच्या वर्षाच्या सगळ्या मुलांवर, हेही विचारा. दोन्हींत बराच फरक असतो.

मानांकनांबद्दल: नॅकची श्रेणी संपूर्ण कॉलेजला असते, एनबीएची मान्यता एकेका शाखेला. फलकावर एनबीए लिहिलेलं असलं तरी तुमच्या शाखेला आहे का आणि मुदत कधीपर्यंत, ते तपासा.

दुर्बीण:

हॉस्टेलबद्दल दोन शब्द. चारही वर्षं मिळतं की फक्त पहिल्या वर्षी, हे आधी विचारा. मुलींच्या हॉस्टेलची गेटची वेळ आणि स्टुडिओ किंवा लायब्ररी बंद व्हायची वेळ शेजारी लिहून बघा. स्टुडिओ रात्री दहापर्यंत आणि गेट साडेआठला बंद, असं असेल तर ती सोय मुलींसाठी कागदावरच राहते. मेसमध्ये एक वेळ जेवून या. रॅगिंगविरोधी समितीचे नंबर दर्शनी भागात लावलेले आहेत का तेही बघा, यूजीसीच्या २००९ च्या नियमांनुसार ही व्यवस्था असावीच लागते.

सातबारा:

फी आणि कागदपत्रांचं मी लिहितो, कारण यात दरवर्षी लोक अडकतात.

खासगी विनाअनुदानित कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळते. कॉलेजने सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून घ्या. हॉस्टेल, मेस, बस त्यात नसतात. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसच्या जागा बघा. मंजूर जागांवर ५ टक्के जादा असतात आणि शिक्षण शुल्क माफ असतं, बाकीची फी द्यावी लागते. पसंतीक्रमात त्यांचा कोड वेगळा असतो. साधा कोड लिहून 'आमचं उत्पन्न कमी आहे' म्हटल्याने ती जागा मिळत नाही. घेतल्यावर शाखा बदलताही येत नाही.

भाचीसाठी महत्त्वाचं: ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यात किंवा खासगी अभिमत विद्यापीठात घेतला तर हा लाभ नाही. कॉलेज बघायला जाल तेव्हा ते संलग्न आहे, स्वायत्त आहे, अभिमत आहे की खासगी विद्यापीठ आहे, हे पाटीवरून नीट वाचा.

कागदपत्रांत जात वैधता प्रमाणपत्राला महिनोन् महिने लागू शकतात, म्हणून अर्ज अकरावीतच. नॉन-क्रिमिलेयरची मुदत ३१ मार्चला संपते, तर प्रवेशाच्या वर्षात चालणारं आहे ना ते बघा. अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला हे जूनमध्ये काढायला गेलात तर सेतू केंद्रावर रांग असते. नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधारवर आणि दाखल्यांवर एकच आहे का, हे आजच सगळे कागद शेजारी ठेवून तपासा.

रानजाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरतंय: फेब्रुवारीअखेर पुणे, तेव्हा जीएमआरटी आणि एक-दोन इंजिनियरिंग कॉलेजं. जेजेच्या प्रदर्शनाच्या तारखा कळल्या की मुंबई. सांगली ऑगस्टमध्ये. दोघांना एकत्रच न्यावं की वेगवेगळं?

काटकोन:

प्रवास एकत्र करा, आत गेल्यावर वेगळे व्हा. इंजिनियरिंगच्या वर्कशॉपमध्ये भाचीला दोन तास उभं करून ठेवलंत तर पुढच्या दिवशी तिचा उत्साह संपलेला असेल. मात्र एकदा तरी अदलाबदल होऊ द्या. तिने जीएमआरटी बघावं, त्याने जेजेचं प्रदर्शन बघावं. या वयात आवडी अजून पक्क्या झालेल्या नसतात.

आणि प्रत्येक भेटीनंतर त्याच संध्याकाळी दोघांनीही वहीत लिहायचं, आपापसात न बोलता: काय बघितलं, कोणाशी बोललो, कोणतं काम स्वतः करून बघावंसं वाटलं, काय खटकलं. पालकांनी आपलं मत त्यानंतर सांगावं. ऑगस्टच्या सांगली दौऱ्याचा ईमेल जुलैच्या मध्यात पाठवा. नवीन सत्राची वेळापत्रकं तोवर लागलेली असतात, त्यामुळे प्रॅक्टिकलचा वार आणि वेळ विभागाकडून आधीच विचारून घेता येते.